बाबा भाकरीचं बूड ताटात ठेवतात

काकू, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय ३४, लग्न व्हायचं आहे, नऊ एकर वावर. माय श्रावणात गेली. आता घरात बाबा अन् मी. बाबांना ७१ वं सुरू आहे, बीपीची गोळी चालू, शुगर नाही. सैपाक माझ्याकडे. खिचडी, आलूची भाजी अन् भाकर एवढंच येतं. भाकर म्हणजे आपली कशीबशी. सध्या हरभऱ्याचं ओलित चालू आहे अन् शेतीची लाईट रात्री दहाला येते. मी साडेआठला सैपाक करतो, उभ्यानंच जेवतो, बाबांचं ताट झाकून ठेवतो अन् निघतो. 'तू जा, मी खाईन मंग,' असं ते म्हणतात. सकाळी पाहतो तर अर्धं ताट तसंच. भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा खातात, बूड ठेवून देतात. विचारलं तर भूक नाही. सदरा पार ढिला झाला आहे. तीन आठवड्यांपासून खोकला आहे. शेजारची काकी दिवसातून तीनदा काढा द्यायला सांगते अन् संत्रं, केळं, दही बंद करायला लावते. थंडी म्हणून रात्री खोलीत शेगडी ठेवून दार लावून घेतात. मोबाईलवर हिवाळ्याच्या पौष्टिक पदार्थांचे व्हिडिओ पाहतो, पण एकेकाला वीस-वीस जिन्नस. सोपं काही सांगा. अन् आणखी एक. माय थंडीत काळपट, कडसर लाडू करायची. कशाचे ते मला माहीत नाही. बाबांना विचारलं तर गप्प बसतात.
एक वाचक

बाळा,

तू चौतीस वर्षांचा बाप्या आहेस, तरी मी तुला बाळाच म्हणणार, वयानं मला तेवढा हक्क आहे. पत्रात तू लाडू शेवटी ठेवले अन् शेगडी मधेच कुठेतरी बोलता बोलता सांगून टाकली. मी शेगडीपासून सुरू करते. बाकीचं उद्या-परवावर गेलं तरी चालेल, हे आज रात्रीच बंद कर.

मी नववीत असेन. पुसाच्या महिन्यातली रात्र. आजी अन् मी एका खोलीत निजायचो. खिडकीला पोतं लावलेलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. त्या रात्री आजीनं घमेल्यात कोळसे आणून पायथ्याशी ठेवले. मध्यरात्री मला उमासे आले म्हणून जाग आली. डोकं असं ठणकत होतं की भिंत धरून दारापर्यंत गेले, कडी काढली अन् अंगणातच बसले. आजी हाका मारून उठेना. वडिलांनी तिला उचलून बाहेर आणलं, गार वारं लागलं, तेव्हा कुठे ती काहीतरी पुटपुटली. पुढे तीन दिवस घरात नजर लागल्याची चर्चा. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. नजर-बिजर काही नव्हती. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराचा निदान ठसका तरी लागतो, याचा तोही लागत नाही. रक्तात प्राणवायूची जागा हा अडवून बसतो अन् निजलेलं माणूस उठत नाही. निखारे लाल झाले, धूर संपला, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही असं आपल्याकडे सर्रास समजतात. ते साफ चूक आहे.

सकाळी उठल्यावर बाबांचं डोकं जड असतं का, मळमळतं का, ते विचार. असेल तर 'भूक नाही'चं अर्धं उत्तर तिथेच आहे.

थंडी खरी आहे, ती मी नाकारत नाही. २०१८ मध्ये २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आपली कवेलूची, म्हणजे कौलांची, अन् टिनाची घरं मे महिन्याच्या हिशेबानं बांधलेली, त्यांना ही थंडी अडवता येत नाही. पण उपाय अंगाखाली आहे. खाटेवर निजत असतील तर बघ, अंगावर दोन गोधड्या अन् खाली एक चादर असा प्रकार असेल. गारठा खाटेच्या विणीतून खालून येतो. एक जाड गोधडी खाली घाल, तिच्याखाली रिकामी पोती अंथर. कानाला टोपी, पायात कोरडे मोजे, निजायच्या आधी अर्धा तास पायाशी गरम पाण्याची पिशवी. ती नसेल तर घट्ट झाकणाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेव. शेकायचंच असेल तर अंगणात, संध्याकाळी, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, पेटवून. शेकोटीचं वेगळंच सुख असतं, ते मी कोणाचं हिरावून घेणार नाही.

आता खोकला. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबी आहे का ते पाहायला आरोग्य केंद्रात थुंकी तपासायची, हा सरकारचाच नियम आहे अन् तपासणीला पैसे पडत नाहीत. तुमचे तीन झाले. वजनही उतरलं आहे. याच आठवड्यात ने, ओलिताचं काय ते एक दिवस पाहून घे. बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही, पण निघालं तर लवकर निघालेलं बरं. जाताना बीपीच्या गोळीचं पान खिशात टाक. काही बीपीच्या गोळ्यांनीच कोरडा खोकला लागतो अन् डॉक्टर गोळी बदलून देतात. आपल्या मनानं मात्र बंद करू नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी उलट चढतं. म्हणून तर म्हाताऱ्या माणसानं पहाटे पाचला थंड्या पाण्यानं आंघोळ करायची नसते. तुझे बाबा करत असतील याची मला खात्री आहे, कारण त्यांच्या वयाचे सगळेच करतात अन् वर अभिमानानं सांगतात. ऊन वर आलं की, गरम पाण्यानं, नऊ वाजता. देव तोवर थांबतो.

काढ्याचं सांगते. सुंठ, मिरे, तुळस, लवंग इथपर्यंत ठीक, दिवसातून एखाद कप, घसा शेकतो. पण काकीच्या काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तो बंद. ज्येष्ठमध रोज रोज पोटात गेलं की बीपी वाढतं. त्यांनी वाईट हेतूनं दिलं नाही, त्यांना माहीत नसेल एवढंच. दुकानात मिळणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच, नाक मोकळं होतं अन् बीपी चढतं. किराणा दुकानातून गोळी आणायची नाही. हळदीचं दूध चालेल. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ती मिळाली तर उत्तम, नाही तर घरची. त्यानं खोकला जातो असं मी म्हणणार नाही. रात्री गरम दूध पोटात गेलं, तेवढं दूध तरी गेलं.

अन् संत्र्यानं खोकला होत नाही. आपल्याच मातीचं फळ, आंबिया बहाराची संत्री नेमकी याच दिवसांत उतरतात, अन् आपण पोराबाळांच्या, म्हाताऱ्यांच्या हातातून काढून घेतो. पहाटेचं गार फळ घशाला झोंबतं, ते वेगळं. दुपारी उन्हात बसून खाल्लं तर काय होतं? काही नाही. केळंही चालतं. म्हाताऱ्याला सोसतं तितकंच, पण चालतं. दही दुपारच्या जेवणात घ्यावं, रात्री नको असं मी म्हणेन, अन् तेही शास्त्र म्हणून नाही, माझ्या सासूची सवय मला लागली म्हणून.

आता ती भाकर. तुझं सगळं पत्र मी दोनदा वाचलं अन् तिसऱ्यांदा फक्त एकच ओळ वाचली. पापुद्रा खातात, बूड ठेवतात. भूक नसलेलं माणूस असं करत नाही रे. भूक नसली की माणूस चार घास खाऊन ताट सारतो, त्यात निवड नसते. हे माणूस निवडून खात आहे. जेवढं चावता येतं तेवढं खातं अन् उरलेलं गुपचूप ठेवतं, पोराला वाईट वाटू नये म्हणून. बाबांच्या दाढा किती उरल्या आहेत ते तुला माहीत आहे का? एकदा उजेडात, तोंड उघडायला लावून पाहा. हिरडी सुजलेली असेल, दात हलत असेल तर त्याच फेरीत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरला दाखवून ये.

तुझी माय काय करायची, तेही मी इथे बसून सांगते. भाकर तव्यावरून उतरली की गरम असतानाच त्यांच्या ताटात चुरून, त्यावर वरण ओतून द्यायची. तू ते पाहिलं असशील, पण लक्षात राहिलं नसेल, कारण ते कोणी सैपाकात धरत नाही.

अन् तू काय करतोस? साडेआठला भाकर करतोस, ती ताटाखाली घामेजते, मग वातड होते, मग गार होते. दहा-साडेदहाला म्हातारा एकटा, चाळीस वॉटच्या बल्बखाली, ती वातड भाकर घेऊन बसतो. मला तरी गेली नसती.

तेव्हा पहिली गोष्ट, जेवण साडेसहा-सातला. दिवस लहान आहे, साडेसहाला अंधार होतो, त्या वेळी जेवायला काही अडत नाही. जुनी माणसं दिवेलागणीला जेवायचीच. दोघं बसा. तू उभ्यानं जेवणं बंद. रात्री निघताना वाटलं तर तुझ्यासाठी डबा घे.

दुसरी गोष्ट, भाकर. तुझी भाकर कडक होते त्याला दोन कारणं असू शकतात. एक, पीठ जुनं. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांच्या वर गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना कडा फाटतात अन् आपण फाटू नये म्हणून जाड ठेवतो. गिरणीवरून एका वेळी दोन-अडीच किलोच आण. दुसरं, तू गार पाण्यात पीठ मळतोस. थंडीत ते बिलकूल चालत नाही. नवशिक्यासाठी उकडीची भाकर सोपी. एका गंजात, म्हणजे पातेल्यात, वाटीभर पाणी उकळायला ठेव, चिमूटभर मीठ. खळखळ उकळी आली की गॅस बारीक करून वाटीभर पीठ एकदम टाक, उलथन्यानं दोन-चार फेरे दे, झाकण घाल अन् गॅस बंद. दहा मिनिटं तिकडे पाहू नको. मग परातीत काढून, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच, तळहाताच्या मुळानं घासून घासून मळ. इथे आळस केला की सगळं गेलं. एकेका गोळ्याला दोन-तीन मिनिटं मळ. पीठ लोण्यासारखं लागलं पाहिजे, चिमटीत धरून वाकवलं तर चीर पडायला नको. थापता येत नसेल तर लाट, कोणी पाहायला येत नाही. तव्यावर टाकलीस की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरव. पाणी सुकत आलं की उलट, पण पूर्ण सुकू देऊ नको, सुकलं की तडे जातात. दुसरी बाजू नीट भाजली की मग पहिली बाजू जाळावर. फुगेल. पहिल्या पाच नाही फुगणार, सहावी फुगेल.

अन् फुगलेली भाकर तशीच ताटात ठेवायची नाही. गरम असताना खोलगट ताटात बारीक चुर, वरून पातळ वरण किंवा दूध किंवा भाजीचा रस्सा, पाच मिनिटं भिजू दे. बूड, पापुद्रा सगळं एकच होतं.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून शहरातल्या हॉटेलांच्या मेनूवर ज्वारीची भाकर आली अन् आपल्या भागात ती पेरतो कोण? पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत. हे आपलं जाता जाता.

वरून लावायला काय, तर वावरात जा. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत ना? व्हिडिओतल्या वीस जिन्नसांपेक्षा धुऱ्यावरची तूर बरी. ओल्या तुरीचे दाणे, आपले सोले, वाटीभर काढ. कढईत चमचाभर फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात त्यांच्यावर ठिपके पडेपर्यंत भाज, सोबत लसणाच्या सहा पाकळ्या अन् दोन हिरव्या मिरच्या टाक. जिरं घालून पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये भरड वाट. चटणीसारखं अगदी बारीक नको अन् अख्खा दाणाही राहायला नको, बाबांच्या दाताखाली येईल. त्याच कढईत फोडणी, एक कांदा, हळद, मग वाटण पाच मिनिटं परत. कडेनं तेल सुटलं की अडीच वाट्या गरम पाणी, मीठ, अन् पंधरा मिनिटं मंद उकळू दे. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. हिवाळा नुसता या सोल्याच्या आमटीसाठी यावा असं मला वाटतं. चुरलेल्या भाकरीवर घातली की जेवण पूर्ण झालं, वेगळं वरण नको, वेगळी भाजी नको. सोले संपले की वाळल्या तुरीचं घट्ट वरण आहेच, वर लसणाची फोडणी.

सोले काढायचं काम मात्र तू करू नको. शेंगांचं टोपलं उन्हात बाबांच्या पुढ्यात ठेव अन् निघून जा. तू लिहितोस त्यावरून वाटतं की सध्या त्यांना घरात काहीच काम नाही, तूच सगळं करतोस. शेंगा सोलता सोलता ऊनही खातील.

रात्री ओलिताला जाताना अन् सकाळी नाश्त्याला उकडपेंडी कर. ही वऱ्हाडातल्या बायकांनी आळशी दिवसांसाठीच शोधली असावी. दोन वाट्या जाडसर कणीक, निम्मं ज्वारीचं पीठ घातलं तरी छान होते. तेल चार चमचे, त्यात मोहरी, जिरं, मिरची, बारीक चिरलेला मोठा कांदा. कांदा नरम झाला की हळद अन् पीठ टाकून मंद आचेवर परतत राहा. इथे घाई नको. आठ मिनिटांनी खमंग वास येतो, तो शेजारी गेला पाहिजे. मग आंबट ताकात मीठ घालून हातानं शिपके मार, हलव, पुन्हा शिपके मार. वाटी-दीड वाटी ताक लागतं. एकदम ओतलंस तर लापशी होईल. मोकळी पण ओलसर झाली की झाकण ठेवून दोन वाफा. बाबांच्या वाटीत दोन शिपके जास्तीचे. दाढा नसलेल्या माणसाला हिच्यासारखं काही नाही.

तिसरा पदार्थ म्हणून ज्वारीच्या कण्या शिकून घे. गिरणीवर ज्वारी भरडून आण, कुकरला एकास चार पाण्यात लाव, चार शिट्ट्या, ताकात कालव, वर लसणाची फोडणी. झालं. एवढे तीन आले की संक्रांतीपर्यंत निभतं.

खिचडी अन् आलू वाईट नाही, पण रोज तेच झालं तर म्हातारपणी अंग झडतं. ५५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन भाकरींत पंधराएक येतात, वाटीभर घट्ट वरणात किंवा सोल्याच्या आमटीत सात-आठ, पेलाभर दुधात सहा, उकडलेल्या अंड्यात सहा. माळकरी असतील तर अंड्याच्या जागी मूठभर भाजलेली फल्ली, कूट करून. बेरीज पस्तीसच्या आसपास जाते, उरलेलं दुसऱ्या वेळच्या वरणातून अन् नाश्त्याच्या उकडपेंडीतून निघतं. वहीत लिहीत बसायचं नाही, नुसतं रोजच्या ताटात यातलं काही सुटलं का ते पाहायचं.

मिठावर लक्ष ठेव. दिवसभरात ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा, माणशी एवढंच असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीवाल्या घरात लोणचं, पापड अन् चहासोबतची खारी, यातच ते संपतं. लोणच्याच्या जागी जवसाची चटणी ठेव. जवस कोरडे भाज, तडतडायला लागले की लगेच उतरव, लसूण, तिखट, जरा मीठ, अन् कूट. जवसात चांगली चरबी असते, आतडंही मोकळं राहतं. पण आठ दिवसांचीच कर, कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो. चहा जेवणाला लागून देऊ नको, तासभर थांब, नाही तर पालेभाजीतलं लोह अंगाला लागत नाही. अन् पाणी. थंडीत तहान लागत नाही, म्हाताऱ्याला तर मुळीच नाही. मग पोट साफ होत नाही अन् भूक आणखी मरते. उशाशी तांब्या ठेव, कोमट पाण्याचा, सकाळी तो रिकामा आहे का ते पाहा.

तुझ्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस. स्प्रिंकलरचे पाईप बदलताना पाय ओले होतात, ते ओले पाय घेऊन चार तास उभा राहतोस ना? गमबूट घे, मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेव अन् मधे बदल. बांधावर कोणी अंगात गरमी यावी म्हणून घोट पुढे करेल. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून गरम वाटतं, आतली ऊब मात्र त्याच वाटेनं बाहेर जाते. डब्यातली उकडपेंडी अन् थर्मासमधला चहा त्याहून बरा. घरून निघताना बाबांजवळ मोबाईल चार्ज करून ठेव, अन् शेजारच्या त्याच काकीला सांग, रात्री एकदा हाक मारून जात जा म्हणून. काढा सांगणारी बाई आहे, एवढं आनंदानं करेल.

राहिले लाडू. काळपट म्हणजे जवस. कडसर म्हणजे मेथी. तुझी माय दोन्ही एकत्र करत असावी, आमच्याकडेही तसेच होतात. पाव वाटी मेथीदाणा भाजून, दळून तुपात तीन दिवस भिजत ठेवतात, म्हणजे कडूपणा सोसवेल इतका उतरतो. दोन वाट्या जवस भाजून कुटायचे, दोन वाट्या कणीक तुपात तांबूस होईपर्यंत भाजायची, सुंठ चमचाभर, खारकेची पूड अर्धी वाटी. डिंक आपल्याला नको, दातात बसतो. गुळाचा पाक करू नको, लाडू दगड होईल. किसलेला गूळ गरम पिठात मिसळून कोमट असतानाच वळायचे, मऊ राहतात. दिवसाला एक, सकाळी दुधासोबत.

गूळ किती, ते मी सांगत नाही. प्रत्येक घराचा वेगळा असतो, अन् तुझ्या घरचा फक्त बाबांना माहीत आहे. 'लाडू कशाचे होते' असं विचारलंस म्हणून ते गप्प बसले. सगळं पीठ परातीत तयार करून, शेंगा सोलत बसले असतील तिथे त्यांच्यासमोर ठेव, हातात गुळाची ढेप घे अन् विचार, 'बाबा, माय एवढा टाकायची की याहून जास्त?'